शास्त्राचं कपाट आणि पुस्तकाचं दुकान

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही पेठेत जा, पुस्तकाचं दुकान लगेच ओळखू येतं. दारात टांगलेली दप्तरं, पुढं पेनं, कंपासपेट्या आणि वह्यांचे गठ्ठे, आणि त्याच्या मागं, जरा आत, फळ्यांवर लावलेली पुस्तकं. एका फळीवर कन्नड, एका फळीवर मराठी. जूनमध्ये क्रमिक पुस्तकांची झुंबड, दिवाळीत दिवाळी अंक, वर्ष संपत आलं की दिनदर्शिका. एखाद्या कोपऱ्यात पूजापाठ, भक्तामर, व्रतकथा. मालक गल्ल्यावर बसून एका गिऱ्हाइकाशी कन्नड बोलतो, दुसऱ्याशी मराठी, आणि दोन्हीकडं हिशेब चुकत नाही.

अशा दुकानात शहरातल्यासारखी निवड मिळत नाही. पण मालकाला आपली आवड माहीत असते. "आक्का, तुमच्या त्या लेखकाचं नवीन आलंय बघा. न्या वाचायला, पैसे मागनं द्या." उभ्याउभ्या चार पानं वाचली तरी कुणी हटकत नाही. घरातून बाईनं निघायला कारण लागतं, त्या काळातही "पोराची वही आणायची आहे" हे कारण चालायचं. वहीबरोबर पिशवीतून आणखी काय आलं, हे कुणी बघत नसे.

या साध्या दुकानाचं मला फार अप्रूप वाटतं, आणि त्याचं कारण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. आपण जैन लोक ग्रंथ जपणारे म्हणून ओळखले जातो. पण ग्रंथ जपणं वेगळं आणि पुस्तक हातात येणं वेगळं. या दोन्हींच्या मधे जवळजवळ हजार वर्षं गेली, आणि त्या हजार वर्षांत बायका कुठं होत्या, ते बघण्यासारखं आहे.

दानाचे चार प्रकार आपल्याला लहानपणापासून पाठ असतात: आहार, औषध, अभय आणि शास्त्र. शास्त्रदान म्हणजे ग्रंथ लिहवून घेऊन तो मुनींना किंवा मंदिराला देणं. या दानात बायका मुळीच मागं नव्हत्या. दहाव्या शतकातली अत्तिमब्बे सगळ्या कर्नाटकाला 'दानचिंतामणी' म्हणून माहीत आहे. पोन्न कवीचं 'शांतिपुराण' लुप्त होऊ नये म्हणून तिनं त्याच्या एक हजार प्रती करवून वाटल्या, असं परंपरा सांगते. छापखान्याच्या कितीतरी शतकं आधी, ताडपत्रावर, हातानं लिहिलेल्या हजार प्रती! मुधोळ भागातल्या रन्न कवीला तिनंच आश्रय दिला आणि 993 साली त्याचं 'अजितपुराण' पुरं झालं. आजच्या भाषेत बोलायचं तर ही बाई प्रकाशक होती.

दुसरं उदाहरण मूडबिद्रीचं. षट्खंडागमाचा सहावा खंड म्हणजे 'महाबंध'. त्याच्या ताडपत्री प्रतीच्या शेवटी जी प्रशस्ती आहे, तीत मल्लिकादेवी नावाच्या बाईचा उल्लेख आहे. श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिनं हा ग्रंथ लिहवून घेतला आणि माघनंदी मुनींना दिला. म्हणजे ज्या ग्रंथाला आज सगळा दिगंबर समाज हात जोडतो, तो आपल्यापर्यंत पोचला तो एका बाईच्या उद्यापनामुळं.

आता प्रश्न असा, की मल्लिकादेवीनं तो ग्रंथ वाचला का? प्रशस्ती त्याबद्दल काही बोलत नाही. दिला एवढंच सांगते. जुन्या प्रशस्त्या वाचत गेलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं: अमकीनं लिहवला, तमकीनं दिला. बाई ग्रंथ देणारी आहे. ग्रंथ घेणारी, स्वतःसाठी उघडून बसणारी बाई त्या ओळींत सापडणं अवघड.

दिलेला ग्रंथ मग भांडारात जाई. वेष्टनात गुंडाळलेला, लाकडी फळ्यांमध्ये बांधलेला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, झटकायचा, पूजा करायची, परत कपाटात. ही पद्धत मी कमी लेखत नाही. वाळवी, ओल, आग यांतून एवढं साहित्य वाचलं ते या वार्षिक ऊन देण्यामुळंच. पण मूडबिद्रीच्या धवल ग्रंथांचं काय झालं? शतकानुशतकं लांबून लांबून यात्रेकरू यायचे, ताडपत्रांचं दर्शन घ्यायचे आणि परत जायचे. आत काय लिहिलंय ते जुन्या कन्नड लिपीत, आणि वाचू शकणारे मोजकेच. ग्रंथाची मूर्ती झाली होती.

त्या ग्रंथांची नक्कल करून घ्यायची धडपड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. 1896 च्या सुमारास नकलेचं काम सुरू झालं. लिहिणाऱ्यांत आपल्या मिरजेचे गजपती उपाध्ये होते. प्रत मूडबिद्रीच्या बाहेर जाणार नाही, अशी तिथल्या लोकांची अट. गजपती उपाध्ये मठात बसून देवनागरी नक्कल करत होते, आणि त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई गुपचूप आणखी एक प्रत कन्नड लिपीत उतरवत होत्या. काम वर्षानुवर्षांचं आणि ग्रंथ हजारो श्लोकांचा. ती गुप्त प्रत घेऊन उपाध्ये आधी सोलापूर-मुंबईच्या शेठांकडं गेले. अशा मार्गानं आलेली प्रत घेणं त्यांना पटलं नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांनी ती ठेवून घेतली. पुढं तिची देवनागरी करताना सीताराम शास्त्री यांनीही स्वतःपाशी एक नक्कल ठेवली आणि त्यावरून गावोगावी प्रती पसरल्या.

हे योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. अचौर्य हे आपलं व्रत आहे, हे मी विसरत नाही. पण मला त्या लक्ष्मीबाईंचा विचार सुटत नाही. ज्या काळात बाईनं शास्त्राला हात लावावा की नाही यावर वाद व्हायचे, त्या काळात ती रोज त्या ग्रंथाची अक्षरं अक्षर लावून वाचत होती. मल्लिकादेवीच्या दानानंतर कितीतरी शतकांनी एका बाईच्याच हातानं शास्त्रग्रंथ उतरवला जात होता, आणि या वेळी ती बाई तो नक्की वाचत होती. कारण वाचल्याशिवाय नक्कल होत नाही.

तेवढ्यात छापखाना आला होता, आणि त्यावरून समाजात मोठं वादळ उठलं होतं. आज ऐकायला नवल वाटेल, पण धर्मग्रंथ छापायला कडाडून विरोध झाला. शाईत आणि यंत्राच्या रुळांत प्राणिज पदार्थ असतात, म्हणजे हिंसा. छापलेला कागद पायाखाली येणार, रद्दीत जाणार, म्हणजे अविनय. आणि शास्त्र बाजारात विकायला मांडायचं, कुणीही चार पैसे टाकून उचलायचं, हे तर फारच झालं. कित्येक मंदिरांत छापील पुस्तक आत आणायला बंदी होती.

यातलं शेवटचं कारण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. "कुणीही" विकत घेईल, ही भीती होती. त्या "कुणीही" मध्ये आपण बायका पहिल्या.

हिराचंद नेमचंद या विरोधापुढं नमले नाहीत. 1885 साली त्यांनी सोलापुरातून 'जैन बोधक' सुरू केलं आणि जैन समाजाला छापील मजकुराची सवय लावली. त्यांची मुलगी कंकुबाई अकाली विधवा झाली, आणि पुढं तिनं सगळं आयुष्य बायकांच्या शिक्षणाला दिलं. मुंबईच्या शेठ माणिकचंदांची मुलगी मगनबाई हिचीही तीच कथा. तरुणपणी वैधव्य, मग वडिलांनी शिकवलं, आणि तिनं श्राविकाश्रम उभा करून शेकडो विधवांना अक्षर दिलं. छापील पुस्तकाच्या बाजूनं उभे राहिलेले दोन बाप, आणि त्यांच्या घरातल्या दोन शिकलेल्या मुली. हा योगायोग मला वाटत नाही. घरात विधवा मुलगी बसलेली असताना ग्रंथ कपाटात कुलपात ठेवणं त्या बापांना जमलं नसावं.

आपल्या भागात हे वारं आलं ते स्तवनिधीला. निपाणीहून बेळगावकडं निघालं की तवंदीच्या घाटाजवळचं हे क्षेत्र. 1899 साली इथंच दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे तरुण त्यात होते. ते पुढं बेळगावात वकिली करत आणि 1937 साली मुंबई सरकारात अर्थमंत्री झाले. सभेनं बोर्डिंगं काढली, शिक्षणाचा आग्रह धरला आणि स्वतःचं पत्र चालवलं, तेच पुढं 'प्रगती आणि जिनविजय' म्हणून घराघरांत गेलं. कोल्हापुरात कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी जिनसेनाचार्यांचं 'महापुराण' मराठीत आणलं. शेतकरी घरातली बाई संस्कृत शिकून महापुराण वाचेल, हे शक्य नव्हतं. मराठीत असेल तर निदान कुणी वाचून दाखवील, आणि एखादी मुलगी शाळेत गेली तर तीच वाचून दाखवील, असा तो हिशेब होता.

आणि मग दुकान आलं. आपल्या समाजाचं एक खरोखरचं दुकान, ज्याचं नाव प्रत्येक वाचणाऱ्या बाईला माहीत असायला हवं. मुंबईत सी. पी. टँकजवळ शेठ माणिकचंदांनी वडिलांच्या नावानं बांधलेली हिराबाग धर्मशाळा आहे. गावोगावचे जैन यात्रेकरू तिथं उतरायचे. त्याच हिराबागेत नाथूराम प्रेमी यांनी 'हिंदी ग्रंथरत्नाकर कार्यालय' थाटलं. प्रेमीजी मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या देवरीचे, 1881 सालचे, गरीब घरातले. मुंबईला आले ते समाजाच्या संस्थेत कारकुनी करायला. 1912 साली त्यांनी पहिलं पुस्तक काढलं. कुठलं? जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी'चं महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेलं हिंदी भाषांतर, 'स्वाधीनता'. यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, देवदर्शनाला आलेल्या लोकांच्या वाटेवर, स्वातंत्र्याचं पुस्तक विकायला ठेवलं!

प्रेमीजींनी विधवाविवाहाचा उघड पुरस्कार केला आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. शेठ माणिकचंद 1914 साली वारल्यावर त्यांच्या नावानं जी ग्रंथमाला निघाली, तिचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. प्राकृत आणि संस्कृतमधले दुर्मीळ जैन ग्रंथ त्या मालेतून अगदी लागत किमतीला मिळू लागले. त्याच दुकानात शरद्‌बाबूंच्या कादंबऱ्यांची हिंदी भाषांतरंही होती. मंदिराच्या कपाटात फक्त शास्त्र असतं, आणि ते तसंच असायला हवं. दुकानाच्या फळीवर मात्र कुंदकुंदाचार्यांच्या शेजारी शरच्चंद्र बसतात. कुणाला काय हवं, ते घेणाऱ्यानं ठरवायचं. हे ठरवणं आपल्या बायकांच्या वाट्याला किती उशिरा आलं, ते वर सांगितलंच.

या हिराबागेशी आपल्या सीमाभागाचा एक घट्ट धागा आहे. चिकोडीजवळच्या सदलग्यात 1906 साली आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म झाला. घरची भाषा कन्नड. शिकले बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुणे इथं, आणि 1930 पासून 1962 पर्यंत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी अर्धमागधी शिकवली. कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठात त्यांना जटासिंहनंदींच्या 'वरांगचरिता'ची ताडपत्री प्रत मिळाली. तिचं संपादन करून तो ग्रंथ 1938 साली प्रेमीजींच्या हातून, माणिकचंद ग्रंथमालेत बाहेर पडला. मठाच्या कपाटातून निघालेलं पोथं हिराबागेच्या फळीवर आलं, आणि ज्याला हवं त्याला विकत मिळू लागलं. वर्षभरातच, 1939 साली, डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून काढला. 1958 पर्यंत सोळा भाग झाले. उपाध्ये त्या कामातही होते. आणि 1967 साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी शहरात आयुष्य काढलेला माणूस कन्नड संमेलनाचा अध्यक्ष, हे आपल्या भागाबाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला वाटत नाही.

याच मुलखातले आचार्य शांतिसागर महाराज. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरच्या भोजचे. ताडपत्रं जीर्ण होतायत हे कळल्यावर त्यांच्या प्रेरणेनं धवल ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले, ते फलटणला आहेत. जपण्यासाठी तांब्याचा पत्रा आणि वाचण्यासाठी छापील प्रत, दोन्ही एकाच काळात झालं. दोन्ही लागतं. मात्र तांब्याचा पत्रा कुणी पिशवीत घालून घरी नेऊ शकत नाही.

बेळगावात वाचनाची परंपरा जुनी. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. मराठी साहित्य संमेलन इथं 1929, 1946 आणि 2000 साली भरलं. इंदिरा संतांसारखी कवयित्री याच गावात राहिली आणि लिहीत राहिली. निपाणीत महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत आपल्या मुलखातल्या कष्टकऱ्यांच्या कथा लिहिल्या. पुस्तक लिहिणारा माणूस शेजारच्या गल्लीत दळण दळून देतो, हे ज्या गावानं पाहिलं, तिथं पुस्तक ही फार लांबची वस्तू राहत नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, ते इथं नको. पुस्तकाच्या दुकानावर त्याचा परिणाम असा झाला, की सरकार बेंगळूरुचं आणि मराठी पुस्तक कोल्हापूर-पुण्याचं. दुकानदारानं दोन्हीकडं संबंध ठेवले. कन्नड पाठ्यपुस्तकं एका बाजूनं आणली, मराठी कादंबऱ्या दुसऱ्या बाजूनं. रस्त्यावर पाट्यांवरून भांडणं झाली, पण दुकानातल्या फळ्या शेजारी शेजारीच राहिल्या. ज्या जैन घरांत सासू कन्नड बोलते आणि सून मराठी, त्या घरांना असंच दुकान लागतं. आजीला एक, नातीला दुसरं.

आता ही दुकानं अडचणीत आहेत. त्यांचं अर्थकारण फार साधं असतं. कथा-कादंबऱ्यांवर ती कधीच चालली नाहीत, ती चालली वह्या आणि क्रमिक पुस्तकांवर. जूनच्या कमाईतून मालक वर्षभर इतर पुस्तकं ठेवायचा. आता सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ते चांगलंच आहे. पुष्कळ खाजगी शाळा मात्र वह्या-पुस्तकं स्वतःच विकतात. उरलेलं मोबाइलवर मागवलं जातं. जूनचा आधार गेला की पहिली रिकामी होते ती आतली फळी. तिथं दप्तरं येतात, मग खेळणी, मग भेटवस्तू.

मोबाइलवर पुस्तक मिळतं, स्वस्तही मिळतं, हे खरं. पण मागवायला आधी नाव माहीत असावं लागतं. नाव माहीत नसलेलं पुस्तक हातात पडतं ते दुकानातच. शिवाय आपल्यातल्या किती बायकांच्या मोबाइलवर स्वतःच्या नावचं बँकखातं आहे? "कशाला हवंय?" या प्रश्नाला उत्तर न देता, भाजीतून उरलेल्या पैशांत, स्वतःच्या हातानं घेतलेलं पुस्तक, हे सुख अजून तरी त्या गल्ल्यापाशीच मिळतं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्याकडं व्रताचं उद्यापन झालं की भांडी वाटतात. स्टीलची ताटं, वाट्या, डबे. घराघरांत माळ्यावर त्यांचे ढीग आहेत, त्यावर नावं कोरलेली आहेत, आणि ती वापरली जात नाहीत. मल्लिकादेवीनं उद्यापनाला ग्रंथ दिला होता. येत्या श्रुतपंचमीला किंवा तुमच्या पुढच्या उद्यापनाला पुस्तकं वाटा. धर्माचीच हवीत असं नाही. आलेल्या प्रत्येक बाईला एक, कन्नड वाचणारीला कन्नड, मराठी वाचणारीला मराठी. ती गावातल्याच दुकानातून घ्या. पन्नास प्रती एकदम घेतल्या तर मालक मागवून देतो, वर थोडी सूटही देतो.

आणि त्या पन्नासांबरोबर एक्कावन्नावं पुस्तक स्वतःसाठी घ्या. वाटायला नको, पूजेला नको. वाचायला.